गायिका : अज्ञात

सोलापुरातल्या एका जुन्या वाचनालयात मी कंत्राटी नोकरीला होते तेव्हाची गोष्ट. तिथल्या कॅसेटी कॉम्प्युटरवर आणायचं काम निघालं होतं. आवाज उतरवून घ्यायचं काम बाहेरगावच्या एका कंपनीकडे गेलं आणि मेटाडेटाचं माझ्याकडे आलं. म्हणजे प्रत्येक फाइलपुढे लिहायचं, की हे काय आहे, कोण गातंय, कुठल्या भाषेत, कुठं, कधी. आमचे ग्रंथपाल म्हणायचे, "नोंद नसेल तर फाइल असून नसल्यासारखी. शोधणाऱ्याला ती सापडणार कशी?"

कॅसेटी एका प्राध्यापकांनी तरुणपणी जमवलेल्या होत्या. शहराच्या पूर्व भागातल्या विणकरांच्या घरी जाऊन ते हातमागावर म्हटली जाणारी तेलुगू गाणी रेकॉर्ड करायचे. ते वारल्यावर घरच्यांनी पेटी वाचनालयाला देऊन टाकली. कव्हरांवर त्यांनी गाणाऱ्यांची नावं लिहिली होती, असं ग्रंथपालांना आठवत होतं. पण कंपनीकडून कॅसेटी परत आल्या त्या नुसत्याच. मी फोन केला तर तिकडचा माणूस म्हणाला, "ते बुरशी आलेले कागद ना? ते टाकले. तुम्ही आवाज ऐका की मॅडम, एकदम क्लीन केलाय."

आवाज खरोखरच स्वच्छ होता. मागाचा खटका, लांब कुठंतरी रडणारं मूल, सगळं ऐकू यायचं. फक्त गातंय कोण, ते कळत नव्हतं. आमच्या घरी आई-वडील आपसात कानडी बोलतात, बाहेर मराठी. तेलुगू माझ्या कानावर पडते ती रिक्षात आणि बाजारात, तेवढीच. तेलुगू शाळेतून निवृत्त झालेले एक सर मदतीला यायचे. ते हेडफोन लावून ऐकायचे आणि गाण्याचा अर्थ सांगायचे, मी टाइप करायची. भाषा आणि विषय भरून व्हायचे. गायकाच्या रकान्यात मात्र मी दर वेळी 'अज्ञात' लिहायची. लिहून लिहून तो शब्द माझ्या बोटांत बसला होता.

त्यातलं एक गाणं सवाल-जबाबाचं होतं. बायको विचारते, साडीला काठ कुठल्या रंगाचा लावशील, आणि नवरा दर वेळी नवा रंग सांगतो. बाईचा आवाज जरा खरखरीत, पण गाताना ती मध्येच हसायची. माणसाचा आवाज कोवळा होता. शेवटी ती विचारते, रंग सगळे संपले की काय करशील? आणि तिथंच टेप तुटते. उत्तर नाहीच.

सरांनी त्याचा छोटा तुकडा त्यांच्या भागातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. आठवडाभरात एका बाईंचा वाचनालयात फोन आला.

"मॅडम, ह्यो आमच्या मामांचा आवाज हाय."

तेलुगूत सासऱ्यांना मामा म्हणतात, हे मला ठाऊक होतं. मी घाईनं विचारलं, "ते आहेत ना?"

"हायत की. पण बोलत न्हाईत. तुमी या तर खरं."

घर अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीकडे जाताना लागणाऱ्या एका बोळात होतं. खाली भाड्यानं दिलेले यंत्रमाग, वर राहायच्या दोन खोल्या. मागांच्या आवाजानं जिना हलल्यासारखा वाटायचा. काका खिडकीजवळ कॉटवर बसले होते. उजवा हात मांडीवर निर्जीव पडलेला. लकवा मारल्यापासून त्यांना एकच शब्द बोलता येत होता, 'अवुनु'. म्हणजे हो. सून म्हणाली, "भूक लागली तरी अवुनु, नको असलं तरी अवुनु. आमी तोंडाकडं बघून वळखतो."

मी मोबाइलवर गाणं लावलं. पहिल्या ओळीलाच त्यांनी मान वर केली. मी विचारलं, "काका, हा तुमचा आवाज ना?"

"अवुनु."

"आणि ही बाई कोण? तुमच्या घरातल्या?"

"अवुनु."

"मग शेजारच्या?"

"अवुनु." हे म्हणताना त्यांचा चेहरा असा झाला, की चुकीचं बोललो हे त्यांना स्वतःलाच कळलं. डाव्या हाताची मूठ त्यांनी कॉटवर आपटली. पुन्हा तोंड उघडलं, ओठ कशाला तरी जुळवू लागले, आणि निघालं तेच. अवुनु. त्यांना सगळं माहीत होतं. माझ्या समोर, हाताच्या अंतरावर, ते नाव त्यांच्या तोंडात अडकून पडलं होतं आणि मी काही करू शकत नव्हते.

सून म्हणाली, "सासूबाई न्हाईत ह्या. त्यांनी जन्मात कधी गाणं म्हटलं न्हाई." आणि ती चहा टाकायला आत गेली.

गाणं चालूच होतं. मला वाटलं, कुणीतरी टेपबरोबर गुणगुणतंय. बघते तर काका गात होते. शब्दांसकट. ज्या माणसाला पाणी मागता येत नव्हतं, तो माणूस रंगांची नावं एकामागून एक स्पष्ट म्हणत होता. बाईचा शेवटचा सवाल आला, टेप तुटली आणि ते थांबले नाहीत. डोळे मिटून त्यांनी पुढची ओळ म्हटली. मग आणखी एक. तिच्या सवालाचं उत्तर होतं ते.

मला त्यातला एक शब्दही कळला नाही. हातातल्या मोबाइलवर गाणंच लावलेलं, रेकॉर्डिंग सुरू करायचं सुचेपर्यंत ओळी संपल्या होत्या. मी आत धावले. "ताई, ऐकलंत का? काय म्हणाले ते?"

"कोण? मामा?" तिच्या हातात गाळणं होतं. खालच्या मागांच्या खडखडाटात तिला काहीच ऐकू आलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात मी सरांना घेऊन गेले. दुसरा मोबाइल रेकॉर्डिंगला लावून ठेवला. काका टेपबरोबर गायले, अगदी शेवटच्या सवालापर्यंत. मग टेप तुटली आणि तेही थांबले. आम्ही वाट बघितली. सरांनी तेलुगूत हळूच विचारलं, पुढं काय? काकांनी आमच्याकडे आळीपाळीनं बघितलं. "अवुनु," ते म्हणाले, "अवुनु, अवुनु," आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. आम्ही परत लावलं, परत तेच झालं. तिसऱ्यांदा लावायला गेले तेव्हा सून म्हणाली, "बास करा मॅडम. रात्रभर झोपत न्हाईत मग." मी मोबाइल पर्समध्ये टाकला.

नोंद करताना मी काकांचं नाव लिहिलं, सुनेच्या सांगण्यावरून असा खुलासाही टाकला. बाईपुढे लिहिलं, अज्ञात. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, की गायकाने गाण्याचा पुढचा भाग एकदा म्हटला, पण तो नोंदवता आला नाही. ग्रंथपालांनी ते वाचून चष्मा काढला. "हे ठेवून काय उपयोग? जे नाही त्याची नोंद कशी करणार?" आवाज त्यांचाही पडलेलाच होता. तो शेरा वरच्या कार्यालयाच्या तपासणीत काढून टाकला गेला. रकाना रिकामा दिसतो आता.

थंडीत काका गेले. मला कळलं ते सुनेचा फोन आला तेव्हा.

"मॅडम, दिवसकार्याला मामांचं गाणं लावायचं म्हणतोय. पावणे येणार हायत, मामांचा आवाज ऐकतील."

मी म्हटलं, फाइल लगेच पाठवते.

ती जरा घुटमळली. "त्यातला त्या बाईचा आवाज तेवढा काढता येतो का? सगळे विचारतील, कोण म्हणून. आमी काय सांगायचं?"

मी कंपनीला विचारलं, ओळखीच्या एका रेकॉर्डिंगवाल्यालाही ऐकवलं. दोघांनी एकच सांगितलं. एकाच माइकवर घेतलेलं, दोन्ही आवाज एकमेकांवर चढलेले. तिला काढलं तर त्यांचाही आवाज तुटणार. मी सुनेला फोन करून तसं सांगितलं.

पलीकडून मागांचा आवाज येत होता.

"बरं," ती म्हणाली. "मग नको मॅडम. ऱ्हाऊ दे."