पट्टी उसवलेली बाही
खाडीकाठच्या खाजणातल्या चिखलाचा वास आला की मला बाबांची खाकी वर्दी आठवते. बाबा मिठागरावर पहाऱ्याचे सरकारी नाईक होते. एका उधाणात गावच्या भातशेतीचा बांध फुटला, तेव्हा पहारा सोडून ते वर्दीसकट चिखलात उतरले आणि भगदाड बुजवूनच वर आले. दुसऱ्या दिवशी गोऱ्या साहेबाची तपासणी होती. आई कोट धुवायला निघाली, तर बाबा म्हणाले, "ऱ्हाऊ दे. चोरी केली न्हाय मी." तसेच जाऊन उभे राहिले. पहारा सोडला म्हणून साहेबाने सगळ्यांसमोर त्यांच्या बाहीवरची नाईकाची पट्टी उसवली. तोच कोट बाबांनी पुढे कितीतरी वर्षं ताठ मानेनं घातला. आता तो माझ्याकडे आहे. सगळा विटलाय, पट्टीची जागा तेवढी गडद आहे. बाबा कोण होते असं कुणी विचारलं, की मी तीच बाही पुढे करते.