सरांचं मत

बायकांची हाडं ठिसूळ होतात, त्यावर औषध कधी सुरू करायचं, याची देशभरच्या डॉक्टरांसाठी गाइडलाइन लिहायची होती. डॉक्टरांच्या असोसिएशनच्या या समितीत मला घेतलं ते सरांनी. सर मूळचे नागपूरचे, आमच्या संस्थेतले सर्वांत ज्येष्ठ. मी साताऱ्याहून चंदीगडला डॉक्टर म्हणून आले तेव्हा भाड्याचं घरसुद्धा त्यांनी आणि वहिनींनीच शोधून दिलं होतं. त्यामुळे नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता.

बैठक विमानतळाजवळच्या एअरोसिटीतल्या एका हॉटेलात होती. संस्थेतली सभागृहं रिकामी असताना हॉटेल कशाला, असं मनात आलं. मागच्या रांगेत राखाडी कोटातला एक माणूस बसला होता. तो अवाक्षर बोलत नव्हता, पण हॉटेलचा मॅनेजर प्रत्येक गोष्ट त्यालाच विचारत होता. जेवताना मी शेजारी बसलेल्या पंचकुल्याच्या डॉक्टरांना विचारलं, "ये कौन हैं?"

"असोसिएशन की तरफ़ से होंगे जी," असं म्हणून ते पनीर वाढून घ्यायला उठले.

दुपारी मसुदा पडद्यावर आला. हाड मोडलेल्या, किंवा ज्यांची हाडं फारच कमजोर झाली आहेत अशा बायकांना एक महागडं इंजेक्शन आजवर दिलं जायचं. नव्या मसुद्यात, पाळी थांबलेल्या आणि हाडं जराशी विरळ झालेल्या बायकांनाही ते द्यावं असं लिहिलं होतं. म्हणजे जवळजवळ प्रत्येक घरातल्या आईला, सासूला. यांना त्याचा फारसा उपयोग होतो, असं मी वाचलेल्या अभ्यासांत कुठेच नव्हतं. आणि ते इंजेक्शन एकच कंपनी बनवत होती.

त्यानंतर माझं चर्चेवरून लक्षच उडालं. कोण मान डोलावतंय, बोलण्याआधी कोण मागे वळून बघतंय, तेवढंच मी पाहू लागले. पंचकुल्याचे डॉक्टर एकदा खोकले, तर त्या खोकण्याचाही मला संशय आला.

चहाच्या वेळी सरांना खिडकीशी गाठलं. "सर, तो मागे बसलाय तो कंपनीचा माणूस आहे ना?"

"आहे. मग?"

"आणि तुम्ही त्यांच्यासाठी व्याख्यानं देता?"

सर चिडले नाहीत. "देतो. मानधनही घेतो. लपवलं कुठे? कुणी विचारलंच नाही." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुझ्या वहिनीचा खुबा बाथरूममध्ये मोडला, तेव्हा तू होतीस ना? तिला हे इंजेक्शन आधी दिलं असतं तर? मी पैशासाठी लिहून राहिलो असं वाटते तुला?"

वहिनींना स्ट्रेचरवर ठेवताना त्यांचा हात माझ्याच हातात होता. तरीही मी म्हणाले, "मला नाही सांगता येणार, सर. तुम्हाला तरी सांगता येईल का? म्हणूनच तुम्ही यावर मत देऊ नका."

मतदानाआधी मी उभी राहिले. इंग्रजीत म्हणाले, "या कंपनीकडून कुणी काही घेत असेल तर आत्ता सांगावं, आणि इंजेक्शनच्या या वाक्यावर मत देऊ नये." कुणी मोबाइल काढला, कुणी पाणी प्यायलं. एक जण हसून म्हणाला, "मॅडम, फिर तो वोट डालने को आप अकेली बचेंगी." सगळे हसले. सर हसले नाहीत. पण हात वर करायची वेळ आली तेव्हा त्यांचा हात सगळ्यांत आधी वर गेला.

मसुदा मंजूर झाला. मी समितीतून माझं नाव काढून घेतलं. काही महिन्यांनी गाइडलाइन छापून आली. कुणाचेही कसलेही आर्थिक हितसंबंध नाहीत, असं तिच्या शेवटी लिहिलं होतं. मी सरांना फोन केला. सर म्हणाले, "ते ऑफिसवाल्यांनी टाकलं. मी पाहिलं नाही." खरं असेलही. मी विश्वास ठेवू शकले नाही, याचंच वाईट वाटत राहिलं. वहिनींशी माझं बोलणं होतं. सर घरी नसले की त्याच फोन करतात.

गेल्या थंडीत जवळच्या खरड गावाहून एक बाई ओपीडीत आली. शाळेत शिकवणारी, चांगली ठणठणीत. कुणीतरी तिला तेच इंजेक्शन लिहून दिलं होतं. मी तपासलं, रिपोर्ट बघितले आणि सांगितलं, "अभी इसकी ज़रूरत नहीं है. रोज़ पैदल चला करो, धूप में बैठो, दूध-दही खाओ."

तिने माझ्याकडे रोखून पाहिलं. "वो डॉक्टर साहब तो बोले, नई किताब में लिखा है. आप मना कर रही हो. आप किस कंपनी की तरफ़ से हो जी?"

"किसी की नहीं," मी म्हणाले.

तिचा विश्वास बसला नाही. मग मी खुर्ची तिच्याजवळ ओढली, रिपोर्ट दोघींच्या मध्ये ठेवला आणि एकेक आकडा तिला समजावून सांगू लागले. बाहेर रांग वाढत होती. ती मध्येमध्ये प्रश्न विचारत होती, आणि एकही उत्तर सहजासहजी मान्य करत नव्हती.