सावंतांचं लिंबू

दरवाजा वर जातो, दरवाजा खाली येतो. यात सांगण्यासारखं काय असणार, असं मलाही वाटायचं. पण ऑटोमॅटिक दरवाजे बसवत सगळं मीरा-भाईंदर पालथं घातलं, आणि आता चार मित्र जमले की मीच बोलत असतो, बाकीचे चहा पितात.

२००३-०४च्या सुमाराची गोष्ट. भाईंदरच्या केबिन रोडला एका गाळ्यात आमचं दुकान होतं. मालक सावंत, मूळचे रत्नागिरीचे, पन्नाशीचे, कमी बोलणारे. मी त्यांचा टेक्निशियन, आयटीआय करून लागलेला, जरा जास्त बोलणारा. तेव्हा नवीन गाडी घेतली की लोकांना गॅरेजला रिमोटचा दरवाजाही हवा असायचा. बटण दाबलं की छताची मोटर दरवाजा वर ओढते, परत दाबलं की खाली आणते. गिऱ्हाइकाचं सगळं लक्ष दरवाजा वर जाण्याकडे असायचं. सावंतांचं लक्ष तो खाली येण्याकडे.

कारण खाली येताना मध्ये काही आलं तर दरवाजाने टेकताक्षणी माघारी फिरायला हवं. दरवाजाने किती जोर लावून माघारी फिरायचं, ते ठरवणारा एक स्क्रू मोटरच्या डब्यावर असतो. फार आवळला की दरवाजा कुणाला जुमानत नाही, फार ढिला केला की वाऱ्यानेही परत फिरतो. मोटरबरोबर आलेल्या पुस्तकात लिहिलं होतं, खाली लाकडाची फळी ठेवून बघा. सावंत म्हणाले, "फळीला काय होणारे? दरवाजा कसाही आला तरी फळी गप्प."

ते लिंबू ठेवायचे. लिंबू नुसतं दबून दरवाजा परत गेला तर काम पास. फुटलं तर शिडी पुन्हा लावायची. पास झालेलं लिंबू घरी नेऊन बांगड्यावर पिळायचे.

आणि मग जॉबशीटवर सही. शिडीवर मी, घाम माझा, पण 'तपासले' या रकान्यात सही सावंतांची. अशी अडीच वर्षं. मला त्याचा राग यायचा, खोटं कशाला बोलू? एकदा विचारलं तर म्हणाले, "सही केली म्हणजे तो दरवाजा जेवढ्या वेळा खाली येईल, तेवढ्या वेळा तू तिथे उभा आहेस." मला तेव्हा वाटलं, नाही म्हणायची ही चांगली पद्धत आहे.

* * *

मीरा रोडला एका शेठच्या बंगल्यावर काम होतं. नवीन गाडी, नवीन दरवाजा, सगळं कुटुंब ड्राइव्ह-वेवर उभं. सावंतांनी उंबऱ्यावर लिंबू ठेवलं, मी बटण दाबलं. दरवाजा आला आणि लिंबाचा पार चोथा झाला.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू चिरडतात, तसं दरवाजाचंही असणार, असं त्यांना वाटलं. शेठनी आमच्या हातात पेढे ठेवले.

"शेठ, ये फेल हुआ," सावंत म्हणाले.

"फेल कैसे? इतना अच्छा फूटा!"

आता स्क्रूला हात लावायचा नाही, झालेला मुहूर्त मोडायचा नाही, म्हणून शेठ अडून बसले. सावंत वाद घालत नाहीत. त्यांनी मोटरखाली लोंबणारी लाल दोरी ओढली. ती ओढली की मोटरचा आणि दरवाजाचा संबंध सुटतो, दरवाजा हाताने उचलावा लागतो. "मुहूर्त तसाच राहू दे," म्हणाले, "मोटर चालू करायची असेल तेव्हा बोलवा."

चार दिवस शेठचा ड्रायव्हर दरवाजा हाताने उचलत होता. सहाव्या दिवशी फोन आला. शेठची कंबर धरली होती, कारण पाचव्या दिवशी ड्रायव्हर रजेवर होता.

* * *

एकदा मीच लिंबू उचलायचं विसरलो. मीरा रोडच्याच एका डॉक्टरबाईंकडे. टेस्ट झाली, सही झाली, आम्ही निघालो आणि लिंबू राहिलं दारात.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात फोन. "अहो, तुमचं काहीतरी आमच्या दारात राहिलंय."

मला वाटलं, पाना असेल. म्हटलं, संध्याकाळी नेतो.

"संध्याकाळी नाही, आत्ता या. गाडी आत अडकलीये. ड्रायव्हर लिंबू ओलांडायला तयार नाही, कामवाली अंगणाच्या बाहेरूनच परत गेली."

रिक्षा करून गेलो. फाटकाशी वॉचमन, ड्रायव्हर आणि समोरच्या दोन बायका असा घोळका होता. मी वाकलो, लिंबू उचललं, खिशात टाकलं. सगळे माझ्याकडे असे बघत होते, की आता याचं काय होतंय.

मी डॉक्टरबाईंना हळूच म्हटलं, "मॅडम, तुम्ही तरी उचलायचंत."

"माझा असल्या गोष्टींवर अजिबात विश्वास नाही," त्या म्हणाल्या. "पण लिंबू तुमचं होतं ना?"

* * *

भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचा कारखाना असलेले एक गृहस्थ होते. त्यांच्या दरवाजाला खाली दोन्ही बाजूंना आम्ही सेन्सर लावले होते. हे दोन डोळे एकमेकांना बघत असतात. मध्ये मांजर आलं, पाय आला, की दरवाजा खाली येतच नाही. गृहस्थांची तक्रार होती, की दरवाजा सारखा अडतो. आम्ही जायच्या आतच त्यांची तक्रार मिटली होती. कशी, ते त्यांनी कौतुकाने दाखवलं. दोन्ही डोळे उपटून वर फळीवर समोरासमोर चिकटपट्टीने बांधले होते.

"आता एकदम मक्खन चालतोय," ते म्हणाले.

सावंतांनी पिशवीत हात घातला आणि रिकामाच बाहेर काढला. "आज लिंबू नाही आणलं. तुमचा मोबाइल द्या."

तेव्हाचा मोबाइल तो, फोटो काढणारा. गृहस्थांनी चारच दिवसांपूर्वी घेतला होता. सावंतांनी तो उंबऱ्यावर उभा ठेवला आणि मला म्हणाले, "दाब बटण."

दरवाजा अर्ध्यावर येईपर्यंत गृहस्थांनी माझ्या हातातला रिमोट हिसकावून घेतला होता. डोळे त्यांनी त्याच दिवशी, स्वतःच्या हाताने, परत खाली लावले. बाहेर आल्यावर मी खूप हसलो. सावंत हसले नाहीत. पिशवीत लिंबं दोन होती.

* * *

आता उत्तनचं.

घर समुद्राच्या बाजूला. मुलगा बोटीवर नोकरीला, त्याने गाडी घेतली, दरवाजाही घेतला आणि परत बोटीवर गेला. घरी सून, तिचं रांगायला लागलेलं बाळ आणि आजी. गॅरेजची फरशी गार लागायची, म्हणून बाळ दिवसभर तिथेच. हाकललं तरी पुन्हा रांगत उंबऱ्यावर हजर.

जाताना रिक्षात सावंत म्हणाले होते, "आज सगळं तू कर. पास झालं तर सही तुझी." मी बाहेर खाडीकडे बघत बसलो, पण मनात सही गिरवत होतो.

काम मी जीव लावून केलं. सेन्सर लावले, दरवाजा कुठपर्यंत यायचा ते ठरवलं, स्क्रू बेताचा केला. मग सेन्सर बंद ठेवून लिंबू ठेवलं, कारण डोळे कधी बिघडले तर स्क्रूच कामाला येतो. बटण दाबलं. दरवाजा आला, लिंबावर टेकला, लिंबू चांगलंच दबलं, दरवाजा परत वर गेला. फुटलं नाही. पास!

मी जॉबशीटसाठी हात पुढे केला. सावंत ते बगलेत धरून लिंबाकडे बघत उभे होते.

आजी बाळाला कडेवर घेऊन मघापासून बघत होती. तिने लिंबू उचललं, बोटांनी दाबून पाहिलं. एका बाजूने ते चपटं झालं होतं.

"ह्यो झाला पास?"

"हो आजी. फुटलं नाही ना, म्हणजे पास."

"लिंबू पास झाला. माझा पोर लिंबू न्हाय." तिने उंबऱ्याकडे बोट केलं. "तुजा हात ठेव तिथं."

मी सावंतांकडे पाहिलं. ते छताकडे बघायला लागले. मी खाली बसलो आणि डावा हात उंबऱ्यावर ठेवला.

"त्यो नको," आजी म्हणाली. "कामाचा ठेव. उजवा."

मी उजवा हात ठेवला. आजीने सुनेला रिमोट द्यायला सांगितलं.

"एक मिनिट," मी म्हटलं.

उठलो, शिडी लावली, वर चढलो आणि स्क्रू आणखी पाव फेरा ढिला केला. खाली उतरलो, शिडी बाजूला ठेवली, परत उजवा हात उंबऱ्यावर ठेवला आणि आजीला म्हटलं, "आता दाबा."

दरवाजा आला, बोटांना लागला न लागला, आणि वर गेला.

सावंतांनी बगलेतलं जॉबशीट काढलं, खिशातलं पेन उघडलं आणि दोन्ही माझ्यापुढे धरली.

"आता कर सही."