आखाजीपर्यंत ठेवलेलं घंगाळ

१६ मार्च २०१९ रोजी मी रतिलालभाऊंच्या दुकानात ४१,३५० रुपयांचा माल विकला. धुळ्यातल्या त्या जुन्या वस्तूंच्या दुकानात एका दिवसात एवढी विक्री त्याआधी कधी झाली नव्हती. दुकान माझं नव्हतं. मी पतसंस्थेत लेखापाल. संध्याकाळी तिथे बसायला जायचो आणि मार्चअखेरीला त्यांचे हिशेब लिहून द्यायचो.

रतिलालभाऊंकडे कंदील, रेडिओ, अडकित्ते, पानाचे डबे, काहीही मिळे. घड्याळ चालतं का, असं कुणी विचारलं की ते म्हणत, चालतं पाहिजे असेल तर समोर जा, तिथे स्वस्त पडेल. गिऱ्हाईक हसे आणि बहुधा तेच बंद घड्याळ घेऊन जाई. लहान मुलांना ते रेडिओची बटणं फिरवू देत. रिकाम्या हाताने आलेल्या माणसालाही बसायला स्टूल मिळे.

त्यांचा एक नियम होता. लग्नात मिळालेल्या पितळी भांड्यांवर नाव कोरलेलं असतं. अशी नावाची भांडी विकायला आली की ते माळ्यावर पालथी घालून ठेवत आणि एक आखाजी उलटेपर्यंत कुणाला दाखवत नसत. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे लेकी माहेरी येतात. आई गेली की भाऊ भांडी विकतात आणि बहिणीला ते आखाजीलाच कळतं, असा त्यांचा अनुभव. शोधत आलेल्या लेकीला ते घेतल्या भावात भांडं परत देत.

मी त्याला डेड स्टॉक म्हणायचो. ते म्हणायचे, "साहेब, तुमच्याकडे लॉकरात लोकांचं सोनं पडून असतं, त्याला काय म्हणता?"

त्या मार्चमध्ये मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ते जळगावला लेकीकडे गेले. दुकान नुसतं उघडं ठेवा म्हणाले. नाशिकचा एक व्यापारी आला. हॉटेलांना सजावटीचं सामान पुरवायचा. त्याने माळ्याकडे पाहिलं आणि मी शिडी लावली. नियम मला माहीत होता. भाऊ परत आल्यावर गल्ला पाहून खूश होतील, असं मला खरंच वाटलं.

डोळ्यांवर हिरवा चष्मा लावून ते आले. त्यांनी गल्ला पाहिलाच नाही. माळ्याकडे बघून म्हणाले, "बठ्ठा इकी टाकात?"

हो, सगळी विकली, मी म्हटलं.

आखाजीला चोपड्याहून कोकिळाबाई आल्या. तिथे केळीचा मळा सांभाळणारी, चाळिशीची बाई. "आबा, मनी मायनं घंगाळ शे का? तानुबाई चिंधा पाटील नाव शे." घंगाळ म्हणजे अंघोळीच्या पाण्याचं मोठं भांडं. त्यांच्या आईने त्यांना आणि पुढे त्यांच्या मुलांना त्यातूनच न्हाऊ घातलं होतं.

रतिलालभाऊ म्हणाले, माझ्याकडून विकलं गेलं, पण आमचे साहेब शोधून आणतील. बाईंनी पिशवीतून दोनशे रुपये काढून माझ्यापुढे धरले. गाडीभाडं. मी नको म्हणत होतो. भाऊ म्हणाले, "घ्या. नाहीतर तिला वाटेल, आपण जाणारच नाही."

पुढच्या रविवारी मी नाशिकला गेलो. व्यापाऱ्याने हॉटेलचा पत्ता दिला. घंगाळ जेवणाच्या दालनाबाहेर होतं. बुडाला भोक पाडून खाली पाइप जोडला होता, वर नळ. काठावरचं नाव घासूनपुसून लखलखीत केलेलं. एक माणूस त्यात चूळ भरत होता.

परत येऊन मी सांगितलं, माल पुढे विकला गेला, पत्ता लागत नाही. खरं सांगितलं असतं तर भाऊ काय म्हणाले असते, याची मला भीती वाटली. त्यांनी विश्वास ठेवला. लॉकडाऊनची वर्षं सोडली तर दर आखाजीला कोकिळाबाई येत आणि भाऊ त्यांना चहा पाजून सांगत, साहेब शोधतायत. मी शेजारच्या स्टुलावर बसलेला असे.

गेल्या डिसेंबरात रतिलालभाऊ वारले. पुतण्या दुकान आवरतो आहे. या आखाजीला बाई आल्या तेव्हा तिथे मी एकटाच होतो. अजून शोधतोय म्हणालो असतो तर त्या पुढच्या वर्षी पुन्हा आल्या असत्या. मी सगळं सांगितलं. भाऊंना यातलं काही माहीत नव्हतं, हेही.

 त्यांनी विचारलं, "उष्टे हात धुतात त्याच्यात?"

"हो," मी म्हणालो.

त्यांनी पदर सावरला, पिशवी उचलली आणि पायऱ्या उतरून गेल्या. मी पाकीट काढून मागे गेलो, तोवर त्या रिक्षात बसल्या होत्या.

गाडीभाड्याचे दोनशे रुपये मी त्यांना देणं लागतो.