आंबिलीचं मडकं आणि माझे निष्कर्ष

आळंदहून कडगंचीला भाचीकडे निघाले तेव्हा बस निम्मी रिकामी. त्या दिवशी येळामावस्या (मार्गशीर्षातली अमावास्या, इकडे सगळं गाव शेतात जेवायला जातं). मला माणसं बघून त्यांची कुंडली मांडायचा नाद आहे. पुण्यात घरचे वैतागतात, म्हणून ही हौस मी प्रवासात भागवते.

शेजारी एक म्हातारे अप्पा. मांडीवर टॉवेलचं गोल वेटोळं, धोतरावर ताकाचे डाग. मी ठरवलं, मान धरलीय, पोटही बिघडलंय, ताकभात खाऊन दवाखान्यात चाललेत. स्वतःवरच खूश झाले. इतक्यात त्यांचा फोन वाजला. "आलोच की गं," म्हणत ते घाईनं फाट्यावर उतरून गेले.

बस सुटली आणि माझ्या पायाला गार काही लागलं. सीटखाली चुना-काव लावलेलं मडकं होतं, तोंडाला फडकं बांधलेलं.

"आंबील हाय ही," कंडक्टर म्हणाला. (आंबील म्हणजे ज्वारीचं पीठ आंबवून केलेलं ताकातलं पेय.) "आता ते घर उपाशी बसतंय बघा. आंबील शेताला शिंपडल्याबगर ताटाला हात लावत न्हाईत."

म्हणजे टॉवेल ही मडक्याची चुंबळ आणि डाग आंबिलीचे. माझी मलाच लाज वाटली. बस थांबवायला लावून मडकं घेऊन उतरले.

"अक्का, तुमी कामून उतरायलात?" तो ओरडला. मी मागे पाहिलंच नाही.

तुरीच्या शेताशेतांतून धूर निघत होता. कडब्याच्या प्रत्येक कोपीपुढे (खोपीपुढे) पंगत. मग दिसलं, एका शेतात ताटं वाढलेली, पण जेवत कुणीच नाही. सगळे बांधावर उभे राहून रस्त्याकडे बघताहेत. मी सरळ तिकडे वळले.

"तुमाला आमचंच शेत कसं घावलं?" अप्पांनी विचारलं.

"तुम्हीच तेवढे जेवत नव्हता."

त्यांची बायको खळखळून हसली. "ये माय, बस आता." अप्पा शेताभोवती आंबील शिंपडून आले आणि पंगत उठेपर्यंत माझ्या ताटात भज्जी (पालेभाज्या-डाळींची भाजी) नि बाजरीचे उंडे (उकडलेले गोळे) पडत राहिले. फार बरं वाटलं. बॅग बसमध्येच राहिल्याचं हात धुताना आठवलं.

थोड्या वेळानं रस्त्यावर हॉर्न वाजला. तीच बस आळंदकडे परत चालली होती, दारात कंडक्टर माझी बॅग घेऊन उभा.

"मी इथंच आहे हे कसं ओळखलंत?" मी विचारलं.

"मला कसलं कळतंय अक्का? दर शेतापाशी हॉर्न वाजवत यायलोय."

बसमधली माणसं हसत होती. त्यात रागावलेलं कुणी दिसलं नाही.

पुढच्या बसनं कडगंची गाठली. भाचीनं दार उघडलं, माझ्या साडीवरचे आंबिलीचे डाग पाहिले आणि चेहरा गंभीर केला. "मावशी, पोट बिघडलं का गं? ताकभातच खाल्लास वाटतं."

नाद घराण्यातलाच. "निष्कर्ष राहू दे," मी म्हटलं. "भज्जी बांधून दिलीय त्यांनी. ताट घे."