नळीच्या दुसऱ्या टोकाला यशवंत

हे मी कोणत्याच पत्रकात लिहिलं नाही, सभेत बोललो नाही, घरी आईलाही सांगितलं नाही. पत्रक लिहिताना माझा हात कधी अडत नाही — आज अडतो आहे.

माझी ती गोष्ट तुम्ही ऐकली असेल. सानगडीच्या एका व्यापाऱ्याच्या नव्या घरात मालकिणीने माझ्या बौद्ध मित्राला स्वयंपाकघरात येऊ दिलं नाही, म्हणून आम्ही दोघं काम टाकून निघालो. आणीबाणी उठली त्यानंतरचा हिवाळा. टाळ्या मिळवणारी गोष्ट आहे. मीच कितीदा सांगितली — मोजदाद नाही.

तो मित्र यशवंत. वायरिंग तो शिकून आलेला, मी त्याच्या हाताखाली शिकलो. त्या घरात वायर भिंतीच्या आतून न्यायची होती. आमच्याकडे तेव्हा हे नवंच. नळी भिंतीत आधीच पुरलेली. एकाने तार ढकलायची, दुसऱ्याने पलीकडून ओढायची. तो वऱ्हांड्यातून ढकलायचा, मी स्वयंपाकघरात ओढायचो. बोलायचं ते नळीला तोंड लावून. मधे दोन भिंती, पण आवाज असा यायचा की जणू खांद्याला खांदा लावून बसलोय.

"ओढ ना बे. जेवाले बसला का तिकडं?"

इतकं जवळचं पुन्हा कोणी बोललं का माझ्याशी? नाही.

आदल्या दिवशी तिथे चुलीची पूजा झाली होती. मालकीण दारात येऊन उभी राहिली.

"तो बाहेरचा पोरगा कोणाचा आहे गा?"

मी कुणबी. माझं आडनाव तिने सकाळीच विचारून घेतलं होतं. उत्तर काय द्यायचं हे मला ठाऊक नव्हतं का? जातिभेदाविरुद्धचंच पत्रक माझ्या पिशवीत होतं — शाई हाताला लागावी इतकं ताजं.

मी म्हणालो, "तो आत येत नाही, काकू. मी सांगून ठेवलं आहे त्याले."

तिने धमकावलं नव्हतं. हाकलते असंही म्हणाली नव्हती. नुसतं विचारलं होतं. आणि यशवंतला मी काहीच सांगून ठेवलं नव्हतं. नळीचं तोंड माझ्या तोंडापासून वीतभर.

तार थांबली. मग पुन्हा सरकू लागली. संध्याकाळपर्यंत त्याने ती नीट, न अडकवता ढकलली. नळीतून एक शब्द आला नाही. आम्ही काम पुरं केलं. पुरं केलं — टाकून निघालो नाही.

आठ दिवसांनी मोहाडीच्या बाजारात सभा होती. काम टाकल्याची गोष्ट मी तिथे पहिल्यांदा सांगितली. का? लोक ऐकत होते म्हणून. यशवंत तिसऱ्या रांगेत होता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यानेही वाजवल्या. सभा सुटल्यावर म्हणाला, "चांगला बोलला गा." त्याने मला 'बे' म्हणायचं सोडलं ते तेव्हापासून.

पुढे त्याला बाहेरगावी नोकरी लागली. त्याची आठवण येते — हातात तार आली की फार येते. पण ज्या दिवशी तो गेला, त्या दिवशी गाडी तुमसर रोड स्टेशनवरून दुपारची होती. वेळ मला माहीत होती. सायकल दारात उभी होती. मी गेलो नाही.