पडद्यावरची जास्वंद

मांडवीजवळच्या आमच्या सायबर कॅफेत एक काका रोज सकाळी आंघोळ करून, कपाळाला गंध लावून येत. चपला दाराबाहेर काढत. "काय बेन, मशीन चालू ना?" हे ठरलेलं; इथल्या गुजराती रीतीने ते मला बेन, म्हणजे ताई म्हणत. घरचे देव त्यांच्या मुलाने अमेरिकेला नेले होते आणि वडिलांसाठी त्याच देवांच्या फोटोचं एक पान इंटरनेटवर बनवून दिलं होतं. जास्वंदीवर माऊस दाबला की फूल देवांवर पडायचं. "वास तेवढा नाही," ते म्हणत, "पण निर्माल्याचीही कटकट नाही."

नववीत शाळा सुटलेली मी, वाशीमहून इतक्या लांब इथे कामाला आलेली. काही येत नाही म्हणून मालक काढून टाकतील, ही धास्ती कायम. माऊस धरायला मला या काकांनीच शिकवलं, एकदाही न हसता.

एका सकाळी ते उंबऱ्याबाहेरच थांबले. कपाळ कोरडं होतं.

"आम्हाला सुतक आहे. दहा दिवस तू वाहा, बेन. तू आमच्या भावकीतली नाहीस, तुला चालतं."

"कोण गेलं, काका?"

"पान बनवणारा."

माझ्याकडून माऊस दोनदा दाबला गेला, एकाऐवजी दोन फुलं पडली. त्यांनी बाहेरूनच हात जोडले.

सुतक फिटल्यावर ते आत येऊन खुर्चीत बसले. मी पान उघडून दिलं. त्यांनी हात मांडीवरून उचललाच नाही.

"आजही तूच वाहा," ते म्हणाले.

मी वाहिलं. त्या दिवशी त्यांनी हात जोडले नाहीत.